कॉर्नियाची जाडी: आकडा किती, आणि तो मोजला कसा?

काचबिंदूच्या तपासणीच्या कागदावर ‘सीसीटी’ ही अक्षरं आणि पुढे 540 सारखा आकडा असतो. पेशंट मला विचारतात, हा चष्म्याचा नंबर का? नाही. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची मधली जाडी ही. मोजतात मायक्रॉनमध्ये. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, म्हणजे पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा.

डोळ्याचा दाब मोजताना यंत्र हा पडदा हलकेच दाबून सपाट करतं. पडदा जाड असेल तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, पातळ असेल तर कमी. दुसरी गोष्ट जास्त घातक. कागदावर दाब ‘नॉर्मल’, आणि आत नस खराब होत राहते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

अमेरिकेत 2002 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दाब जास्त, पण काचबिंदू नाही, असे लोक होते. 555 मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्निया असलेल्यांना काचबिंदूचा धोका 588 पेक्षा जाड असलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. या दोन आकड्यांत अंतर फक्त 33 मायक्रॉन! म्हणून मोजणीतली छोटी चूकही महाग पडते.

अल्ट्रासाउंडने मोजताना भूल देणारा थेंब घालून पेनासारखं टोक कॉर्नियाला टेकवतात. ते तिरकं लागलं किंवा मध्य सोडून कडेकडे गेलं, तर आकडा जास्त येतो, कारण कॉर्निया कडेला जाडच असतो. म्हणून मी एका मोजणीवर थांबत नाही. अनेकदा मोजून आकडे जुळतात का ते पाहते. झोपेतून उठल्यावर कॉर्निया किंचित सुजलेला असतो, कॉन्टॅक्ट लेन्सनेही सूज येऊ शकते. डोळ्याला न टेकणारी ओसीटीसारखी यंत्रंही आहेत, पण दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही.

बदलीमुळे इंदूरहून हैदराबादला गेलात, तर जुना कागद सोबत न्या. त्यावर यंत्राचं नाव आणि तारीख लिहून घ्या. चष्मा घालवायचं लेसर झालं असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण त्यात कॉर्निया पातळ होतो आणि नंतर दाब कमी दिसतो. मात्र जाडीवरून खऱ्या दाबाचं गणित घरी मांडू नका. डॉक्टर जाडी, दाब, नस आणि नजरेचं क्षेत्र एकत्र पाहूनच निर्णय घेतात.