चिल्का संपलं, आता खरी शाळा

आमच्या येडशीला रामलिंगचा घाट आहे, समुद्र नाही. तरी माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून नौदलात गेला. ओडिशातल्या आयएनएस चिल्काचं पहिलं प्रशिक्षण संपलं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण कामाची शाळा त्यानंतर असते. विजेचं काम शिकायला जामनगरची वलसुरा, तोफांसाठी कोचीची द्रोणाचार्य. भावाला इंजिनासाठी लोणावळ्याची आयएनएस शिवाजी मिळाली. ती १९४५ पासूनची.

इथं धावण्यापेक्षा पुस्तक जड जातं. शिवाय ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच पुढे कायम होता येतं, ही टांगती तलवार पोरांच्या डोक्यावर असतेच. आईला मी बजावलं, बोअर आटल्याचं परीक्षेच्या तोंडावर सांगू नकोस. लपवायचंही नाही, पेपर झाल्यावर सांगायचं. फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. लागला की मार्कांआधी जेवण, झोप, दोस्त विचारायचे. तेवढ्यानं तो मोकळा बोलतो.

आणि गाववाल्यांनो, कौतुक जरूर करा, पण त्याची नेमणूक, येण्याजाण्याच्या तारखा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकू नका.