हजारांत तिघे

गळीत हंगामात भांडगावजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात, तर एक विचार करून पाहा. साखरेवर किंवा मळीवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की ऑक्झॅलिक आम्ल मिळतं. आणि इलेक्ट्रॉनिक्समधली एक फार महत्त्वाची पांढरी भुकटी, बेरियम टायटनेट, ऑक्झॅलेटच्या वाटेने उत्तम बनते.

मोबाइलमधल्या शेकडो कपॅसिटरांत ही भुकटी असते. तिच्यात लॅन्थॅनम मिसळलं की ती वीज वाहू देते. पण सुमारे 120 अंशांपुढे तापली की रोध हजारो पटींनी वाढतो. डासांच्या लिक्विड मशिनमधली चकती म्हणूनच स्वतःला आवरते. शिरूर तालुक्यात, रांजणगावला फ्रीज बनतात. अनेक फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू करून देणारी चकतीही याच जातीची.

लॅन्थॅनम घालायचं किती? हजार बेरियम अणूंमागे दोन-तीन अणू. जास्त झालं तर चकती पुन्हा विद्युतरोधक!

कोरड्या पद्धतीत बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड बॉल मिलमध्ये दळून 1100 अंशांच्या आसपास भाजतात. पण कितीही दळलं तरी एकेका कणात कोट्यवधी अणू. त्यांत ते तिघे सारखे वाटले जाणार कसे? ऑक्झॅलेटच्या ओल्या पद्धतीत मात्र पाण्यात सगळे आयन सुटे फिरतात आणि एकत्रच साक्यात उतरतात. निदान उतरावेत, अशी अपेक्षा असते.

यातली अडचण टायटॅनियमची. त्याचं टेट्राक्लोराइड दमट हवेत धूर सोडतं, पाण्याशी भलतीच क्रिया करतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले पोतदार, देशपांडे आणि दाते यांनी 1996 मध्ये सोपी वाट मांडली. पोटॅशियम टायटॅनिल ऑक्झॅलेट हे कातडं रंगवणाऱ्यांच्या ओळखीचा क्षार घ्यायचा, त्यात बेरियम क्लोराइडचं द्रावण साध्या तापमानालाच मिसळायचं. खाली बसलेला साका 750 अंशांवर भाजला की बेरियम टायटनेट तयार. मला ही युक्ती आवडते ती तिच्या साधेपणामुळे.

खरी कसोटी साका धुण्यात. पोटॅशियम किंचित उरलं तरी लॅन्थॅनमचं काम उलटवतं. वाळवताना गुठळ्या झाल्या तर दाबलेल्या चकतीत पोकळ्या राहतात. आणि शेवटी 1300 अंशांपुढे भाजलेली चकती हवेतच, सावकाश निववावी लागते. कणांच्या सीमांवर ऑक्सिजन पोचला नाही, तर वीज वाहते खरी, पण तापल्यावर रोध वाढतच नाही.