देवडीवरचा पहारा

घरातील पेटी उघडून जुनी छायाचित्रे पाहावयाची असतील, तर त्यासाठी बाहेरच्या कोणास वर्दी द्यावी लागत नाही. पेटी घरात, चित्रे घरात आणि पाहणारेही घरातच असतात. संगणकावर साठविलेल्या छायाचित्रांची गोष्टही अशीच आहे. ती उघडून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रदर्शक म्हणता येईल. चित्रदर्शक फाइल वाचतो, तिच्यातील अंकांवरून प्रत्येक बिंदूचा रंग ठरवितो आणि पडद्यावर चित्र उभे करतो. ह्या कामी इंटरनेटची मुळीच गरज नसते. जोडणी बंद करून पाहिली, तरी संगणकातील चित्र पूर्वीसारखेच उघडते.

असे असूनही काही चित्रदर्शक सुरू होताच दूरच्या एखाद्या संगणकाशी बोलू लागतात. त्याची कारणे निरनिराळी असतात. कोणी आपली नवी आवृत्ती निघाली आहे काय, हे विचारतो. कोणी जाहिराती मागवितो. कोणी आपला वापर केव्हा व कसा झाला, ह्याची खबर निर्मात्याकडे पाठवितो. छायाचित्र कोठे काढले, हे नकाशावर दाखविणारेही काही असतात, आणि तो नकाशा बहुधा बाहेरूनच आणावा लागतो.

ही शेवटची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. १९९५ साली जपानमध्ये एक्झिफ नावाची पद्धत ठरविण्यात आली. तिच्या योगाने छायाचित्राच्या फाइलमध्येच तारीख, वेळ व कॅमेऱ्याचे नाव नोंदले जाते. फोनवर तशी सोय चालू असेल, तर स्थळाचे अक्षांश-रेखांशही त्यात लिहिले जातात. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या चित्रात त्याच्या घराचा ठावठिकाणा असा दडलेला असतो. त्या स्थळाचा नकाशा मागविणे म्हणजे नकाशा देणाऱ्यास ते स्थळ सांगणेच होय.

अशा अनावश्यक जोडण्या थांबविण्याचे साधन म्हणजे फायरवॉल. इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये, म्हणून बांधलेल्या भिंतीवरून हे नाव पडले. तिचे काम मात्र किल्ल्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखे असते. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलेली फायरवॉल केवळ बाहेरून येणाऱ्यांस हटकीत असे. आतून बाहेर जाणाऱ्यास ती अडवीत नसे. ती सोय पुढे विंडोज व्हिस्टामध्ये झाली. आजही विंडोजची फायरवॉल, वेगळा नियम केलेला नसेल, तर बाहेर जाणाऱ्या जोडणीस सहसा वाट देते. म्हणून तसा नियम मुद्दाम करावा लागतो.

प्रथम चित्रदर्शकाच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप होणारी चौकशी व वापराची खबर बंद करावी. तेवढ्याने भागले नाही, तर वडीलधाऱ्यांच्या संमतीने फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी नवा नियम करावा, त्यात त्या चित्रदर्शकाची फाइल दाखवावी आणि जोडणी अडविण्याचा पर्याय निवडावा. येथे एक सावधगिरी हवी. काही चित्रदर्शकांसोबत नवी आवृत्ती शोधणारे दुसरेच सॉफ्टवेअर असते. मुख्य दरवाजावर पहारा बसला, तरी चोरदरवाजा उघडा राहावा, तसा हा प्रकार होतो; त्यासाठी निराळा नियम करावा लागतो. शिवाय चित्रदर्शक दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविला, तर जुना नियम त्यास लागू पडत नाही.

परंतु बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी वाईट नसते. २००४ साली विंडोजच्या चित्र दाखविणाऱ्या एका भागात मोठा दोष आढळला. मुद्दाम बिघडविलेले जेपेग चित्र नुसते उघडल्यानेही संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. त्यावर नवी, दुरुस्त आवृत्ती घेणे हाच खरा उपाय होता. म्हणून ज्याने चित्रदर्शकाची वाट बंद केली, त्याने मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवी आवृत्ती वेळोवेळी स्वतः आणली पाहिजे. चांगला पहारेकरी दरवाजा सदाचा बंद करून झोपत नाही. कोण जातो व कशासाठी जातो, हे विचारून तो वाट देतो किंवा अडवितो. संगणक वापरणाऱ्यानेही आपल्या देवडीवर असाच जागता पहारा ठेवावा.