लाल मुनियेची ओळख

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पूर्व भागांत पाऊसमान कमी. तेथील माळ, बांध व कालव्यालगतचें उंच गवत यांत मुठींत मावतील एवढ्या पांखरांचे थवे नेहमीं आढळतात. आमचे पुष्कळ शेतकरी बंधु या सर्वांस सरसकट ‘चिमण्या’ समजून गोफण फिरवितात. त्यांतून लाल मुनिया निराळी कशी ओळखावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा पक्षी सुमारें १० सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे चिमणीहून बराच लहान. पावसाळ्यांत नराचें अंग किरमिजी लाल होऊन त्यावर पांढरे ठिपके उमटतात. तेव्हां ओळखण्यास अडचण पडत नाहीं. ती पडते पुढें. विणीचा काळ संपला कीं नर तीं लाल पिसें टाकून मादीसारखा उदी दिसूं लागतो. अशा वेळीं शेपटीच्या मुळाशीं, पाठीच्या खालच्या भागावर नजर टाकावी. तेथील लाल रंग नर व मादी दोघांच्याहि अंगीं बारमास राहतो. पंखांवर बारीक पांढरे ठिपकेहि दिसतात. केवळ चोंचीवर विसंबूं नये, कारण तिचा रंग ऋतूप्रमाणें लाल व काळसर असा पालटतो.

माळावर आढळणाऱ्या साध्या मुनियेची चोंच जाड व रुपेरी करडी, शेपटी काळी व टोंकदार, आणि पाठीचा तोच भाग पांढरा असतो. ठिपकेवाल्या मुनियेचें डोकें गडद तपकिरी असून पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते.

लाल मुनियेचें मुख्य अन्न गवताचें बी. पावसाळ्यांत व त्यानंतर ती दाट गवतांत पात्यांचें गोल घरटें विणून बहुधा ४ ते ६ पांढरीं अंडीं घालते. बांधावरील वैरण कापण्याचा हंगामहि नेमका तोच. ज्या तुकड्यास दप्तरीं आम्ही ‘पोटखराबा’ लिहीत आलों, तेंच या पांखराचें गांवठाण होय.

पक्ष्याचें शास्त्रीय नांव ‘अमांडवा’ हें अहमदाबाद शहरावरून पडलें. पूर्वीं तेथून हे पक्षी पिंजऱ्यांत घालून परदेशीं जात. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांस पकडणें व विकणें हा गुन्हा आहे. पण फांसेपारध्यापासून वांचलेलें घरटें विळ्याखालीं गेलें, तर कायदा काय करणार? म्हणून आमची विनंती एवढीच, कीं पाण्यालगतच्या बांधावर गवताचा एक पट्टा कार्तिक संपेपर्यंत राखावा, माळ पेटवूं नये, आणि गोफण सोडण्यापूर्वीं पांखराची पाठ पाहावी.