पोरांना भुताचा पिक्चर दाखवायचा का?



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीत एका घरी नवा मोठा टीव्ही आला होता. शनिवारी रात्री गल्लीतली बारा-तेरा पोरं त्या घरात जमली आणि 'मुंज्या' लावा म्हणून गिल्ला करू लागली. त्या घरच्या वहिनींनी मला हाक मारून विचारलं, "सिस्टर ताई, लावू का हो? लहान पोरं पण आहेत." मी दारातूनच म्हणाले, "लावा की. कोकणातली गोष्ट आहे, हसायचा पिक्चर आहे." मी स्वतः तो पिक्चर पाहिलेला नव्हता. ही माझी चूक आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

दहा-बारा दिवसांनी त्याच गल्लीतली एक आई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. पोर तापाने फणफणलेली. मनगटाला काळा दोरा. आई म्हणाली, "रात्री ओरडून उठते. एकटी हलत नाही. सासूबाई म्हणतात, पिंपळाखालून गेली तेव्हा काहीतरी लागलं. उद्या भगताकडे न्यायचं म्हणतात."

मी पोरीच्या पोटाला हात लावला. ओटीपोटावर दाबलं की ती कळवळायची. आईला विचारलं, लघवी कशी होते? आईला आठवेना. मग पोरीलाच विचारलं. ती हळूच म्हणाली, "मी जातच नाही. तिकडे झाडावर मुंज्या आहे."

आमच्या सार्वजनिक संडासाच्या वाटेवर पिंपळ आहे. संध्याकाळ झाली की ही पोर सकाळपर्यंत लघवी दाबून धरत होती. पाणी पिणंही तिने कमी केलं होतं, म्हणजे जायलाच नको. लघवी तासन् तास तुंबून राहिली की तिच्यात जंतू वाढतात. मुलींचा लघवीचा मार्ग आखूड असतो, म्हणून त्यांना हा संसर्ग लवकर होतो. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, लघवी तपासली. संसर्गच निघाला. डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण दिवस घेतलं आणि ताप उतरला. भगताकडे चार दिवस गेले असते, तर हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकला असता.

त्यानंतर मी तो पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. जे आधी करायचं, ते नंतर केलं.

पिक्चरमध्ये काय आहे

'मुंज्या' हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ रोजी आला. दिग्दर्शक आपले मराठी, आदित्य सरपोतदार. लोककथा अशी की मुंज झालेला मुलगा लग्नाआधीच मेला तर तो मुंज्या होतो आणि पिंपळावर राहतो. पिक्चरमध्ये १९५२ सालचा एक पोरगा आपल्यापेक्षा मोठ्या मुलीवर जीव लावतो. ती मिळावी म्हणून तो रात्री जंगलात नेऊन स्वतःच्या लहान बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. पुढे त्याचं भूत आजच्या काळातल्या एका तरुणाच्या मागे लागतं. मध्ये मध्ये भरपूर विनोद आहे. पण घरातली आजी मरते, अंधारात एकदम किंचाळी येते, शेवटी एका मुलीच्या अंगात भूत शिरतं.

मोठ्या माणसाला हसू येतं, कारण तो मुंज्या म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र आहे हे त्याला ठाऊक असतं. सहा वर्षांच्या पोरीला तिथे काय दिसलं? भाऊ बहिणीला मारायला नेतो. आपल्यावर माया करणारी आजी मरते. आणि झाडाखाली भूत असतं.

गंमत बघा. आपल्या घरांत कुणाची मुंज होत नाही. तरी मुंज्याची भीती आपल्या पोरीच्या पोटात शिरली. आणि ज्या पिंपळाला आपण विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष म्हणून पाणी घालतो, त्याच पिंपळाखालून जायला ती घाबरू लागली.

वयाप्रमाणे भीती वेगळी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर या संशोधक बाईंनी मुलं आणि पडद्यावरची भीती यांचा पुष्कळ वर्षं अभ्यास केला. त्यांच्याकडे 'हल्क' नावाची मालिका होती. तिच्यातला साधा माणूस रागावला की हिरवागार राक्षस होतो, पण तो लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो आपल्या बाजूचा आहे हे कळायचं. लहान मुलं मात्र त्याचं रूप बदलताना पाहूनच घाबरायची. गोष्ट काय सांगते यापेक्षा डोळ्यांना काय दिसतं, हेच लहान मुलांसाठी मोठं असतं. म्हणून "अगं, तो शेवटी हरतो ना" हे सांगून चार-पाच वर्षांच्या पोराची भीती जात नाही.

साधारण सात वर्षांपर्यंत खरं काय आणि खोटं काय, ही रेघ पोरांच्या मनात पक्की नसते. आठ-दहा वर्षांच्या पोराला भूत खोटं आहे हे समजतं, पण "असं आपल्या घरी झालं तर?" ही भीती धरते. आई मरेल का, आपल्याला कुणी उचलून नेईल का, असे प्रश्न त्याच वयात येतात. बाराच्या पुढे पोरं मुद्दाम घाबरायला बघतात, मित्रांसमोर धीट दिसायचं असतं.

यूए म्हणजे काय

पिक्चर सुरू होण्याआधी सर्टिफिकेट दाखवतात, ते आपण कधी वाचत नाही. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी. 'ए' म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. 'यूए' म्हणजे आईबापांनी विचार करून दाखवा. 'मुंज्या'ला यूए होतं आणि तेव्हाच्या नियमाने १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती सूचना होती. कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. नव्या पिक्चरना आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग आहेत. मोबाइलवरच्या मालिका-पिक्चरवरही असे आकडे असतात, ते सुरुवातीलाच कोपऱ्यात दिसतात.

पण ध्यानात ठेवा, यूए असलं तरी थिएटरवाला लहान पोराला अडवत नाही. निर्णय सरकारने तुमच्यावर सोडलेला आहे. आणि रीलवर येणाऱ्या भुताच्या तुकड्यांना तर कसलंच सर्टिफिकेट नसतं. मोठ्या भावाच्या मोबाइलवर शेजारी बसलेलं चार वर्षांचं पोर ते बघत असतं.

लावायच्या आधी स्वतःला विचारा

१. मी स्वतः पाहिला आहे का? नसेल तर आधी पाहा. वेळ नसेल तर जिने पाहिला तिला नेमकं विचारा: कोण मरतं, लहान मुलाला इजा होते का, अंगात येणं आहे का?

२. सगळ्यात लहान पोर किती वर्षांचं आहे? खोली एकच असते, टीव्ही एकच असतो. म्हणून निर्णय सगळ्यात लहान पोराच्या वयाने घ्यायचा.

३. पोराच्या घरात सध्या काय चाललंय? आजी नुकतीच गेली असेल, बाप दारू पिऊन मारत असेल, नवीन भावंड झालं असेल, तर ते पोर आधीच भेदरलेलं असतं.

४. बघून झाल्यावर ते कुठे झोपणार, रात्री लघवीला कुठून जाणार? बंगल्यातल्या पोराला संडास खोलीला लागून असतो. आपल्या पोराला अंधारी गल्ली ओलांडायची असते.

५. उठून जायची मुभा आहे का? "भित्री भागूबाई" म्हणून हसू नका. मांडीत तोंड लपवलं, कानावर हात ठेवले की समजा, पोराला पुरे झालं. आवाज बंद करा, दिवा लावा.

माझं मत विचाराल तर 'मुंज्या'सारखा पिक्चर सात-आठ वर्षांखाली नको. आठ ते बारा असेल तर दिवसा, उजेडात आणि आईबाप शेजारी बसून. त्यापुढे दाखवा, पण नंतर बोला. बळी, अंगात येणं, करणी हे काय प्रकार आहेत, यावर नरबळी आणि जादूटोणा यांच्याविरुद्ध २०१३ साली महाराष्ट्राने कायदा का केला, हे पोरांशी बोलायची ती चांगली संधी आहे.

आणि एक हात जोडून सांगते. "जेव, नाहीतर मुंज्या येईल," "झोप, नाहीतर बागुलबुवा नेईल," हे आपण सोडून देऊ. पिक्चर दोन तासांत संपतो. आईच्या तोंडचं भूत रोज येतं, आणि आई सांगते म्हणून ते पोराला खरं वाटतं.

घाबरलंच तर

लहान पोराला समजावण्यापेक्षा जवळ घ्या. पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा, आपल्या कुशीत झोपवा. आठाच्या पुढच्या पोराला पिक्चर कसा बनवतात ते दाखवा. मुंज्याचं चित्र काढायला लावा, त्याला मिशा काढू द्या.

पोर पहाटेकडे जागं होऊन स्वप्न सांगत असेल, तर ते वाईट स्वप्न. जवळ घेऊन धीर द्या. झोप लागल्यावर एक-दोन तासांतच ते किंचाळून बसलं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, तर ती गाढ झोपेतली भीती असते. जोराने हलवून जागं करू नका. पडणार नाही एवढं बघा, ते आपोआप झोपतं. हे अंगात येणं नव्हे.

हातपाय झटकून पोर बेशुद्ध झालं तर ती फिट असू शकते. कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

अंथरूण ओलं करणं बंद झालेलं पोर पुन्हा करू लागलं, लघवीला जळजळ, ताप, पोटात दुखणं असेल तर लघवी तपासून घ्या. महिनाभरात भीती गेली नाही, शाळा-जेवण-झोप बिघडली, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट. पोर "तिकडे भूत आहे" म्हणतं तेव्हा भूत नाही म्हणून लगेच उडवून लावू नका. शांतपणे विचारा, तिकडे काय दिसतं? कोण असतं? लहान पोराला सांगता येत नाही म्हणून कधी कधी ते एखाद्या माणसालाच भूत म्हणतं. तसं काही निघालं तर पोराला दोष देऊ नका. १०९८ वर फोन करा.

आमच्या पोरीलाही मी विचारलं. ती म्हणाली, "तिथे काळोख असतो. कुत्री असतात. दारूवाले काका बसतात." पिंपळापाशी विजेचा खांब होता, पण त्यावरचा दिवा कित्येक महिने बंद. आम्ही मोठ्या बायका रोज त्याच अंधारातून हातात टमरेल घेऊन जात होतो आणि आम्हाला त्याची सवय झाली होती. मुंज्याने त्या पोरीला घाबरवलं खरं, पण घाबरायची जागा आम्ही आधीच तयार ठेवली होती.

महिला मंडळाच्या बावीस बायकांच्या सह्या घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. तीन फेऱ्या झाल्या, पण दिवा लागला. ज्या संध्याकाळी तो लागला, त्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं घेऊन आम्ही पिंपळाखाली गेलो. ती पोर आधी आईचा पदर धरून होती. मग तिने वर बघितलं, पानांत बघितलं, आणि म्हणाली, "कावळ्याचं घरटं आहे."

मनगटाचा दोरा पुढच्या आठवड्यात तिच्या आजीनेच कापला. मी एका शब्दाने बोलले नव्हते.