आकड्यांमागील आरोग्य : कार्यक्रमांचे फलित मोजणाऱ्या समन्वयकाचे कार्य

एखाद्या गावात वर्षभरात किती लोहगोळ्या वाटण्यात आल्या, हे सांगणे फारसे अवघड नाही. भांडाराची नोंदवही उघडली की तो आकडा हाती येतो. परंतु त्या गोळ्या मातांनी खरोखर घेतल्या काय, त्यांचा रक्तक्षय कमी झाला काय आणि त्यांची बालके पुरेशा वजनाची जन्मली काय, हे सांगावयाचे झाल्यास भांडाराची नोंदवही पुरी पडत नाही. त्यासाठी कोणीतरी माता शोधाव्या लागतात, तपासण्यांच्या नोंदी जुळवाव्या लागतात आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ लावावा लागतो. आरोग्य कार्यक्रमांच्या संनियंत्रण व मूल्यमापनाचे काम पाहणारा समन्वयक हे कार्य करीत असतो. तो इंजेक्शन देत नाही, शस्त्रक्रिया करीत नाही. त्यामुळे सामान्य ग्रामस्थाला त्याची ओळख सहसा नसते. तथापि दिलेली सेवा कोणाच्या उपयोगी पडली आणि कोण मागे राहिले, याचा शोध त्याच्याच टेबलावर लागतो.

काम आणि फलित यांतील अंतर

आरोग्यसेवेचा दर्जा कसा मोजावा, हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असा आग्रह धरला की, प्रत्येक रुग्णालयाने आपल्या प्रत्येक रुग्णाची पुढे दीर्घकाळ विचारपूस करावी, उपचाराचा अखेर काय परिणाम झाला ते नोंदवावे आणि उपचार फसला असल्यास तो का फसला, हेही लिहावे. आपल्याच चुका लेखी नोंदविण्याची ही कल्पना त्या काळच्या सहकाऱ्यांना रुचली नाही. पुढे १९६६ साली अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी या विचाराला सुटसुटीत चौकट दिली. इमारत, मनुष्यबळ व साधने ही झाली रचना. प्रत्यक्ष दिलेली सेवा ही झाली प्रक्रिया. आणि रुग्णाच्या प्रकृतीत पडलेला फरक हे झाले फलित.

आपल्याकडील उदाहरणाने हा भेद अधिक स्पष्ट होईल. उपकेंद्रात लस ठेवण्याची शीतपेटी आहे, ही रचना. लसीकरणाचे सत्र ठरल्या दिवशी पार पडले, ही प्रक्रिया. गावात गोवराची साथ आली नाही, हे फलित. क्षयरोगाच्या बाबतीतही तसेच. रुग्णास औषधे दिली, एवढ्यावर काम संपत नाही. किमान सहा महिन्यांच्या उपचारानंतर तो बरा झाला, उपचार अर्धवट सोडून गेला की दगावला, हे कळल्यावाचून त्या रुग्णाचे पान मिटविता येत नाही. म्हणूनच समन्वयक एका तिमाहीत नोंदलेल्या सर्व रुग्णांचा गट हाती धरतो आणि त्यातील प्रत्येकाचे पुढे काय झाले, याचा हिशेब मागतो. बरे झालेलेच तेवढे मोजावयाचे आणि हरवलेल्यांचा विसर पाडावयाचा, ही सोय या पद्धतीत राहत नाही.

छेद चुकला की टक्का चुकतो

शाळेतील मुलांनाही ठाऊक असते की, टक्केवारीला अंश लागतो तसा छेदही लागतो. आरोग्याच्या हिशेबात अंश सहज मिळतो. छेद मात्र कष्टाने शोधावा लागतो. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात २५,००० लोकसंख्या असून जन्मदर हजारी १२ आहे. तर वर्षभरात सुमारे ३०० जन्म अपेक्षित धरावे लागतात. गर्भपात वगैरे लक्षात घेऊन त्यात दहा टक्के मिळविले की अपेक्षित गरोदर मातांची संख्या ३३० होते. केंद्राच्या वहीत २४० मातांची नोंद असेल, तर ती ७३ टक्के झाली. उरलेल्या ९० माता कोठे आहेत, हा समन्वयकाचा पहिला प्रश्न असतो. काहींनी खासगी रुग्णालय गाठले असेल. काही बांधकामावर कामाला आलेल्या मजूर कुटुंबांतील असतील व त्यांची नोंद कोणीच घेतली नसेल. ज्या मातांपर्यंत सेवेची गरज सर्वाधिक, त्याच बहुधा या ९० मध्ये सापडतात.

उलट कधीकधी लसीकरणाचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर जातो. यात लबाडीच असते असे नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत सर्वश्रुत आहे. लेक माहेरी येते, बाळाला पहिल्या लसी तेथेच मिळतात आणि दोन-तीन महिन्यांनी ती सासरी परतते. माहेरच्या केंद्रात अंश वाढतो. सासरच्या केंद्रात बाळ नोंदीतच येत नाही. दोन्हीकडील आरोग्य सेविकांनी एकमेकींना कळविले नाही, तर दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील मात्रा चुकण्याचा संभव असतो. म्हणून समन्वयक केवळ पहिल्या मात्रेचा आकडा पाहत नाही. पंचगुणी लसीची पहिली मात्रा १२० बालकांना मिळाली आणि तिसरी १०२ बालकांना, तर १८ बालके, म्हणजे १५ टक्के, वाटेत गळाली. हा गळतीचा आकडा दहाच्या वर गेला की, त्या बालकांची यादी नावानिशी मागविण्यात येते.

सीमाभागात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सिंधुदुर्ग जिल्ह्यातून तसेच कारवार परिसरातून रुग्ण येत असतात. गंभीर अवस्थेत आणलेली माता किंवा नवजात बालक तेथे दगावल्यास घटना गोव्यात घडते. कुटुंब मात्र शेजारच्या राज्यातील असते. घटनास्थळ व निवासस्थान ही दोन्ही नोंदविल्याशिवाय कोणत्या गावात सेवा अपुरी पडली, हे कळू शकत नाही.

मृत्यूची नोंद आणि भीती

समन्वयकाच्या कामातील सर्वांत नाजूक भाग मृत्यूंच्या मोजणीचा होय. एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी दगावलेली बालके दर हजार जिवंत जन्मांमागे किती, यास बालमृत्युदर म्हणतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा हा दर १९७१ मध्ये १२९ होता. तो २०२३ मध्ये २५ वर आला. मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात २५४ होते; ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. ही प्रगती मोठी आहे. परंतु ती कळली, ती कोणीतरी मृत्यू प्रामाणिकपणे मोजले म्हणून.

स्थानिक पातळीवर हा प्रामाणिकपणा सोपा नसतो. आपल्या क्षेत्रातील मृत्युदर वाढला तर वरिष्ठ जाब विचारतील, ही भीती नोंद करणाऱ्याच्या मनात असते. जन्मल्यावर क्षणभर श्वास घेऊन गेलेले बालक 'मृतजात' म्हणून लिहिले गेले, की ते बालमृत्यूच्या हिशेबातून निघून जाते. त्या एका शब्दाने आकडा सुधारतो. परंतु त्या बाळाला श्वास देण्यासाठी प्रसूतिगृहात काय कमी पडले, हा प्रश्नही त्याच शब्दाखाली गाडला जातो. पुढच्या महिन्यात त्याच खाटेवर दुसरी माता येते आणि कमतरता तशीच असते.

हे टाळण्यासाठीच मातामृत्यू व बालमृत्यू अन्वेषणाची पद्धत घालून देण्यात आली आहे. मातामृत्यूंच्या बाबतीत ती देशभर २०१० पासून राबविण्यास आरंभ झाला. घरी जाऊन कुटुंबीयांशी बोलावयाचे, धोक्याची लक्षणे केव्हा दिसली, घरातून निघण्यास किती वेळ लागला, वाहन केव्हा मिळाले आणि रुग्णालयात पोचल्यावर उपचार केव्हा सुरू झाले, हे क्रमाने लिहावयाचे. दोष कोणाचा हे ठरविणे हा त्याचा हेतू नसून विलंब कोठे झाला, हे शोधणे हा आहे. चांगला समन्वयक सभेत हे वारंवार सांगतो की, मृत्यू लपविणाऱ्या केंद्रापेक्षा मृत्यू नोंदविणारे केंद्र अधिक विश्वासार्ह होय. नोंदी काटेकोर होऊ लागल्या की पहिल्या वर्षी दर वाढलेला दिसतो. ती सेवेची घसरण असेलच असे नाही. डोळे उघडल्याचेही ते लक्षण असते.

लहान संख्या आणि तुलना

वर्षाला ४०० जन्म होणाऱ्या केंद्रात एक बालक अधिक दगावले, तर बालमृत्युदर एकदम अडीचने वाढतो. अशा एका वर्षाच्या आकड्यावरून कोणास शाबासकी देणे वा कोणास दोष देणे अन्यायाचे ठरते. म्हणून लहान क्षेत्रासाठी तीन वा पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत आणि प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र अभ्यास करावा, हा नियम पाळला जातो.

दुसरा नियम तुलनेचा. कार्यक्रमानंतर सुधारणा झाली, म्हणजे ती कार्यक्रमामुळेच झाली असे नव्हे. रस्ते, शिक्षण व उत्पन्न यांचाही वाटा असतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेला प्रयोग या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्याच सेवा चालू राहिल्या. दोन्हीकडील जन्म व मृत्यू सारख्याच काटेकोरपणे मोजण्यात आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आणि १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसऱ्या ४७ गावांची मोजणी झाली नसती, तर हा पुरावा इतका ठाम ठरला नसता.

गोव्याचा अनुभव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातील जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयात होत असल्याचे आढळले. सेवेच्या दृष्टीने हे भूषणावह आहे. परंतु त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण चौथ्या फेरीतील सुमारे ३१ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. रुग्णालय जवळ असणे आणि रक्त सकस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच यावरून ध्यानी येते.

येथेही समन्वयकाने एक सावधगिरी बाळगावयाची असते. त्या सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबभर रक्ताची तपासणी होते. शिरेतील रक्ताची तपासणी अधिक भरवशाची मानली जाते. हा मुद्दा लक्षात घेऊन सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली आणि ती हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक स्वतंत्र सर्वेक्षणाकडे सोपविण्याचे ठरले. मोजण्याचे साधन बदलले की जुन्या व नव्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. आकडा वाचण्यापूर्वी तो कसा मिळाला हे विचारणे, हा या कामाचा पहिला पाठ होय.

सर्वांचे सहकार्य हवे

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या यंत्रणेत राज्य व जिल्हा स्तरांवर हे काम सोपविले जाते. दरमहा उपकेंद्रांचे अहवाल संगणकावर येतात. समन्वयक त्यांतील विसंगती शोधतो, काही उपकेंद्रांना भेट देऊन मूळ वही व अहवाल ताडून पाहतो आणि नोंदीतील काही घरांपर्यंत स्वतः जातो. वहीत 'लस दिली' असे असेल, तर बाळाच्या कार्डावर तीच तारीख आहे काय, हे तो आईला विचारून घेतो. ही भेट तपासणीसारखी वाटू नये, याची जबाबदारी त्याच्यावरच असते. दिवसभर चालून थकलेल्या आरोग्य सेविकेला आपल्या वहीचा उपयोग दंडासाठी नव्हे, तर आपल्याच गावासाठी होतो असे वाटले, तरच ती खरे लिहील. तिने पाठविलेल्या आकड्यांतून काय निष्पन्न झाले, हे तिला परत येऊन सांगणेही तितकेच अगत्याचे आहे.

या कामी ग्रामस्थांचा वाटा लहान नाही. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म व मृत्यू यांची माहिती २१ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे. घरातील दुःखाच्या प्रसंगी कोणी प्रश्न विचारू लागला तर राग येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या उत्तरांतून दुसऱ्या एखाद्या घरावरील तोच प्रसंग टळू शकतो. शिक्षकांनी साप्ताहिक लोहगोळी मुलांना आपल्या समक्ष घ्यावयास लावावी आणि 'दिली' व 'घेतली' यांतील फरक नोंदीत राखावा. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत गावाचे आकडे मागवावेत आणि केवळ 'किती वाटले?' एवढेच न विचारता 'काय साधले?' असेही विचारावे. हा दुसरा प्रश्न ज्या गावात नियमाने विचारला जाईल, त्या गावातील नोंदवह्या आपोआप खऱ्या बोलू लागतील.