कुमारवयातील चिंता व नैराश्य : पालकांशी कसे बोलावे

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या म्हणजे आमच्या भागातील पुष्कळ मुले आजी-आजोबांपाशी राहतात. अशाच एका घरातील इयत्ता सातवीचा मुलगा पौष महिन्याच्या सुमारास वरचेवर गैरहजर राहू लागला. पूर्वी फळ्यावरील गणित सोडविण्यास प्रथम हात वर करणारा हा मुलगा आता मागे भिंतीशी टेकून बसे. घरी चौकशीस गेलो तेव्हा आजी म्हणाली, "गुरुजी, पोरगं आळशी झालंय बघा. रातभर जागं असतं, सकाळी पोट दुखतंय म्हणतं, अन् काही बोलावं तर अंगावर येतं." माझे मतही त्या वेळी याहून निराळे नव्हते. वर्गासमक्ष मी त्यास दोनदा बोल लावले होते. ही चूक आपणांपैकी पुष्कळांच्या हातून होत असल्यामुळे ती आरंभीच सांगून टाकली.

परीक्षेत अपयश आले किंवा घरात कोणी वारले, तर काही दिवस मन खिन्न राहणे स्वाभाविक होय. परंतु ही खिन्नता दिवसाचा बहुतेक वेळ व जवळजवळ रोज, अशी दोन आठवडे वा अधिक टिकली, आवडीच्या खेळातही मन रमेनासे झाले आणि झोप, भूक, अभ्यास यांची घडी विसकटली, तर तो नैराश्याचा आजार असण्याचा संभव असतो. प्रौढ माणूस उदास दिसतो. कुमारवयातील मूल पुष्कळदा उदास न दिसता चिडखोर दिसते, आणि त्यामुळेच त्यास उद्धट किंवा आळशी ठरविले जाते.

चिंतेच्या आजाराचे स्वरूप थोडे निराळे आहे. संकट समोर नसतानाही शरीर ते आल्याप्रमाणे वागते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोटात कळ येते. ही कळ खरी असते. मूल सोंग करीत नसते. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की त्यास क्षणभर हायसे वाटते व म्हणून दुसऱ्या दिवशी ती टाळण्याची ओढ अधिक बळावते. महिनाभर घरी राहिलेल्या मुलास शाळेची पायरी चढणे पहिल्या दिवसापेक्षा किती तरी कठीण जाते, त्याचे कारण हे आहे. मारून मुटकून शाळेत आणणे आणि "राहू दे, बरे वाटेल तेव्हा जाईल" असे म्हणणे, हे दोन्ही मार्ग सारखेच घातक. थोड्या थोड्या अंतराने, सोबतीने, रोज एक पाऊल पुढे न्यावे लागते.

पालकांशी बोलण्याचा प्रसंग नाजूक असतो. त्यांना शाळेत बोलावून चारचौघांत सांगू नये. आपण घरी जावे, तेही इतरांची वर्दळ नसेल अशा वेळी. 'वेड', 'मनोरुग्ण' असे शब्द उच्चारू नयेत. आपणांस काय दिसले तेवढेच सांगावे : "दादा, तीन आठवडे झाले, तो डबा उघडत नाही, मुलांत खेळत नाही. घरी काय दिसतं?" आणि मग गप्प बसून ऐकावे. बाप बहुधा म्हणतो, "दोन वेळचं मिळतंय, कापडं मिळतात, आणखी काय पाहिजे?" या बोलण्यात राग असतो त्याहून भय अधिक असते. मुलीच्या आईला तर लग्नाची चिंता लगेच ग्रासते. "यात तुमचा दोष नाही, मुलाचाही नाही, ताप येतो तसा हा आजार आहे व यावर उपचार आहेत," एवढे वाक्य त्या भेटीत जरूर बोलावे. देवऋषीचा विषय निघाल्यास श्रद्धेची टवाळी करू नये. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, हे सांगावे व डॉक्टरांस दाखविण्याचा आग्रह धरावा.

घरी काय करावे, असे पालक विचारतात. मूल बोलू लागले की उपदेश, शेजारच्या मुलाशी तुलना आणि "आमच्या वेळी" ही तिन्ही आवरून ऐकून घ्यावे. शेणगोठा करताना किंवा विहिरीवर जाताना मूल अधिक मोकळेपणाने बोलते. समोर बसवून विचारले तर गप्प होते. झोपेची वेळ ठरवावी आणि रात्री मोबाईल वडीलधाऱ्यांपाशी ठेवावा.

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, कारण रक्तक्षय व थायरॉईडचा विकार यांतही असाच थकवा येतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्यातील समुपदेशनाची केंद्रे महाराष्ट्रात 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. सौम्य आजारात पुष्कळदा समुपदेशनानेच भागते. औषध दिलेच तर गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.

सर्वांत गंभीर भाग असा की, "मी नसतो तर बरे झाले असते" असे मूल म्हणू लागले, तर ते बोलणे कधीही धमकी समजू नये. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट ओझे उतरते. अशा मुलास एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शेतावरील कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवावीत आणि किल्ली वडीलधाऱ्यांनी जवळ बाळगावी. आवेग पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरतो. तेवढा वेळ विष हाती न लागल्यास जीव वाचतो. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे व तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

वर उल्लेखिलेल्या मुलाचे वडील मुकादमाची परवानगी काढून दोन दिवसांसाठी आले. मुलाशी बोलताना कळले की, मागील हंगामात उसाची ट्रॉली उलटून शेजारच्या टोळीतील एक माणूस दगावला होता, आणि आपल्या आईबापांचेही तसेच होईल या धास्तीने तो रात्री जागत असे. डॉक्टरांनी औषध दिले नाही. समुपदेशकाकडे काही फेऱ्या झाल्या. आईने रोज सायंकाळी सात वाजता फडावरून फोन करावा असे ठरले. शाळेत तो प्रथम मधल्या सुट्टीपर्यंतच बसे. मार्चअखेर तो पूर्ण दिवस बसू लागला. फळ्यापाशी मात्र तो अद्याप आपण होऊन आलेला नव्हता, व मीही त्यास बोलाविले नाही.